वळण बुजवल्यावर

"वळण दिसतं त्याहून पुढे जास्त आवळतं, पोरी. हॉर्न दे. उत्तर आलं, तर चढत्या गाडीला आधी वाट द्यायची. वचन दे," बाबा म्हणाले होते.

पुढे त्याच वळणावर बाबा गाडीसकट दरीत गेले. मग दियेंगचा तो घाटरस्ता सरळ झाला, जुनं वळण भिंत घालून बंद केलं. वुर्यानी मात्र व्हॅन उतरवताना तिथे रोज हॉर्न देई.

"वळण गेलं, तुझी खोड काही जाईना!" मागच्या सीटवरून बटाटेवाल्या पार्तिनामावशी हसल्या.

आज भिंतीपलीकडून उत्तर आलं. बाबांच्याच गाडीचा घोगरा हॉर्न.

मावशींचं हसू विरलं. "रस्ता रिकामा आहे गं. पळव गाडी!"

दुसरा हॉर्न भिंतीच्या अलीकडून आला.

वुर्यानी 'बिस्मिल्ला' पुटपुटली आणि हळूच गाडी कडेला घेऊ लागली.