कोपराखालचा थेंब

“थेंब बोटातूनच घ्यायचा, असं ठरलंय. मोठा मिळतो. मग पट्टीला सोनं कशाला, लग्नाला निघालीय का ती? सही कर,” पट्टी वापरायच्या सूचनांचा कागद पुढे सरकवत प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. रक्त तपासायच्या पट्टीवर मी सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवले होते, कोपराखालच्या इवल्याशा थेंबातही साखर कळावी म्हणून. “जग बोटच टोचतं. तुझंच काय जगावेगळं?” मी पिशवीतून आईचं पुस्तक काढून त्यांच्यापुढे उघडलं. मधुमेहानं दृष्टी गेल्यावर ती ब्रेलची टिंबं बोटांनी वाचायची. पानोपानी तपकिरी डाग होते. “दिवसातून चारदा टोचलेल्या बोटांनी वाचलंय हे. शेवटी तिनं तपासणी सोडली, वाचन नाही. मागच्या महिन्यात गेली.” ते ओशाळले, पण कागद हटवेनात. मी बाही सरकवून कोपराखाली सुई टोचली. डास चावल्याएवढं रक्त आलं. पट्टीला तेवढं पुरलं, आकडा उमटला. “सही करते, सर. आधी कागदावरचं ‘बोट’ खोडा.”