तेलातले हात

नसरीन मुकादमने जहाजातल्या कच्च्या तेलाचा नमुना यंत्रात ठेवला आणि बंदरावरच्या प्रयोगशाळेतल्या खुर्चीत अंग टाकलं. तेल ज्यांनी उपसलं त्यांच्या हातांच्या घामाचा माग हे यंत्र काढायचं. पळवून नेऊन युद्धभागातल्या तेलविहिरींवर राबवलेल्या माणसांचे हात तेलात निघाले, तर जहाज परत पाठवायचं, असा कायदा होता.

तिचा धाकटा भाऊ इम्तियाज, बोटीवरचा खलाशी, असाच पळवला गेला होता. त्याच्या जुन्या शर्टावरून तिने त्याच्या घामाची खूण यंत्रात जुळवून ठेवली होती. चार वर्षं दर महिन्याला एका विहिरीचं तेल यायचं, त्यात इम्तियाज निघायचा, आणि ती मुकाट्याने 'निर्दोष' लिहायची. जहाज परत गेलं, तर तो जिवंत असल्याची खबर कुठून येणार? घरी जाऊन ती अम्मीला सांगायची, "खुशाल आहे."

आज यंत्रातून तेलातल्या हातांची यादी आली. सतरा जण नेहमीचेच होते. इम्तियाज नव्हता. तिने नमुना पुन्हा घातला, मग तिसऱ्यांदा घातला.

शेवटी 'परत पाठवा' असं लिहून तिने सही केली.

शेजारच्या टेबलावरचे गावणकर उठून आले. "वा मॅडम! चार वर्षांत पहिल्यांदा पळवलेल्यांच्या हातचं तेल पकडलंत. आता पेढे काढा!"