सातची खटखट

“आजचा दिवस जुनाच आकडा राहू द्या, जावईबापू,” सासरे म्हणाले.

टेकडीवरच्या खोलीत दोघंच होते. खालून आलेला आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरची पेटी जावयाने उघडली होती. वरच्या हुकमाने फ्रिक्वेन्सी केसभर सरकली होती, बस. साहेबांचं काय जातं! कागदावर आकडा खोडला की झालं. इथं फिल्टरचा एकेक डबा हाताने जुळवायचा, मीटरच्या काट्यावर डोळे लावून.

“खालच्या सगळ्या वायरलेस सेटचा आकडा काल बदलला, मामा. हा जुन्यावर ठेवला तर अख्खं बचाव पथक मुकं होईल.”

“त्याचा नाही ना बदलला.”

जावयाने मान वर केली नाही. मेहुणा त्याच पथकात होता. सात महिन्यांपूर्वी तो सेटसकट दरडीखाली गेला, सापडलाच नाही. रोज सातला कामावर पोचला की तो बटण तीनदा दाबायचा आणि वर बापाला खटखट ऐकू यायची. म्हणजे पोचलो. दरड कोसळल्यावर आठवड्याने ती खटखट पुन्हा सुरू झाली. रोज, सातलाच.

“बॅटरी इतकी टिकत नाही, मामा.”

“मला शिकवता? तीस वर्षं हेच केलं मी!” म्हातारा उसळला, मग नरमला. “गेल्या महिन्यात दोन दिवस आली नाही. जीव नुसता टांगणीला लागला होता.”

“मी तेव्हा तापाने पडलो होतो. नाहीतर येऊन बघितलं असतं.”

“हो, पोरगी म्हणाली.”

शेवटचा डबा जुळला. काटा थांबला. जावयाला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. म्हाताऱ्याने असल्या आशेवर किती दिवस काढायचे?

“उद्यापासून ती यायची नाही, मामा. मन घट्ट करा.”

जावई हत्यारं आवरू लागला. पिशवीच्या तळाशी त्याचा स्वतःचा सेट होता. तेवढा एकच बदलायचा राहिला होता.

सासऱ्यांनी तो उचलला, तार जोडली, सराईत बोटांनी नवा आकडा भरला आणि सेट त्याच्या हातात ठेवला.

“दाबाल ते सातलाच दाबा,” ते म्हणाले. “आणि पुन्हा ताप आलाच, तर पोरीला दाबायला सांगा.”