करडईचं तेल

१९७९ची थंडी. वैरागहून रावजी बहिणीसाठी, गोजरबाईसाठी, शेतातल्या करडईच्या तेलाचा डबा घेऊन सोलापुरात आला. गोजरबाईनं रेशनच्या तेलाचा डबा घाईनं पोत्यामागं सारला. ते परदेशी पामतेल स्वस्त होतं, पण थंडीत तुपासारखं गोठायचं. करडईचं कधी गोठत नाही.

"आक्का, ह्या भायेरच्या तेलापायी करडईला कुनी इचारंना बघ."

"आमी न्हाय बाबा ते आनत," भजी वाढत ती म्हणाली. "तुज्याच तेलातली हायती."

रावजीनं मान वर केली नाही.

पहाटे तिला राहवेना. निदान त्याच्या शिदोरीला तरी त्याचं तेल घालावं, म्हणून तिनं त्यानं आणलेला डबा उघडून कढईत तिरका केला.

 

तेल जागचं हललं नाही.