पत्ता लागला

पोस्टमनने उभ्या नोकरीत अर्धवट पत्त्यांवरून शेकडो माणसं हुडकून काढली, पण भांडून घर सोडून गेलेल्या स्वतःच्या लेकीचा ठावठिकाणा काही त्याला लागला नाही. निवृत्त झाल्यावर तो सायबर कॅफेत जाऊन तिचं नाव टाइप करायला शिकला. तेव्हा एकही निकाल यायचा नाही. पुढे इंटरनेट असं फोफावलं, की त्याच नावाच्या हजारो बायका समोर यायला लागल्या. मग तो घरीच फोन घेऊन बसायचा आणि एकेकीचा फोटो मोठा करून लेकीच्या हनुवटीवर होता तसा तीळ शोधायचा.

वीस वर्षांनी एका दुपारी तो तीळ दिसला. लांबच्या एका हॉस्पिटलच्या वेबसाइटवर तिथल्या मुख्य नर्सची मुलाखत होती. केस पिकले होते, हसू मात्र तेच होतं. त्याने बोटाने मुलाखत वर सरकवली.

"घरी कोण कोण असतं?" या प्रश्नावर तिने सांगितलं होतं, "मी अनाथाश्रमात वाढले. आईवडिलांचा चेहराही मला आठवत नाही."

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, आज तरी सापडली का?"

त्याने फोन पालथा ठेवला. "नाही गं. आपली कुणी नाही त्यात."