कीर्तनानंतरचा नमस्कार

"पुस्तकं वाचून देव कळतो का गं?" मटार सोलता सोलता कीर्तनकार बुवांनी लेकीला डिवचलं.

"तुम्हाला तरी कुठे कळलाय, बाबा?" सुमेधा म्हणाली, आणि दोघंही खळखळून हसले.

दुसऱ्या दिवशी देवाचा जयघोष करत जमाव शेजारच्या मुसलमान अत्तारांचं दुकान जाळायला आला. बुवा दुकानाच्या दारात आडवे आले. त्यांच्या डोक्यात काठी घातली ती रंगनाथकाकांनी, त्यांच्याच टाळकऱ्याने. बुवा जागीच गेले. सुमेधाने डोळ्यांनी पाहिलेलं पोलिसांना सांगितलं. गाव मात्र म्हणालं, गर्दीत काही दिसलं नाही. काका सुटले.

वर्षश्राद्धाला देवळात कीर्तन ठेवलं, तेही काकांनीच. कीर्तन संपल्यावर लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, समोरच्यात देव आहे म्हणून. काका तिच्या पायांवर वाकले. आता तिने वाकायचं होतं.

"वाक गं," आत्या कुजबुजली. "देवळात वैर धरू नये."

गावासमोर वर्षभर मिटलेलं तिचं तोंड उघडलं. "उठा, काका. माझ्यात देव शोधू नका. माझ्या बापाला तुम्ही मारलंत, आणि या देवळात बसलेल्या प्रत्येकाने ते पाहिलंय."