कानाने तळायची कोळंबी

"लिंबू इतक्यात नाही! हात मागे घ्या!" बायको पलंगावरून ओरडली आणि घड्याळजींनी चोरासारखा हात मागे घेतला.

सोललेल्या कोळंबीची ताटली त्यांनी तिच्यापुढे धरली होती. सकाळीच आणलेली, ताजी. पाठीतला काळा दोरा काढून मीठ-हळद लावलेली. तिने एकेक निरखून पाहिली आणि मान हलवली. "जा, टाका तव्यावर. मी ऐकतेय."

तीस वर्षं तिने खानावळ चालवली. आठ महिन्यांपूर्वी पाय गेले, मग हात. उरली जीभ, आणि जीभ तर अशी की विचारू नका! डॉक्टरांनी घड्याळजींना अर्धवट उघड्या दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, "दुखणं वर चढतंय. कान शाबूत आहेत तोवर काळजी नाही. कान गेले की मग फार दिवस नाहीत."

तेव्हापासून दर दुपारी घरात काहीतरी तळलं जाई. घड्याळजींना जन्मात धड चहा जमला नव्हता. पलंगावरून तिला दारातून ओट्याशी त्यांची पाठ तेवढी दिसे, पण ती तेलाचा आवाज ऐके आणि हुकूम सोडे, "उलटा आता!" हुकूम आला की यांचा जीव भांड्यात पडे. एकदा ते मनगटावरचं घड्याळ बघून तळताना सापडले, तर केवढी भडकली! "ते ठेवा खिशात. कोळंबी कानाने तळतात."

पूर्वी हुकूम कधी लवकर येई, कधी उशिरा. कोळंबी लहानमोठी, आच कमीजास्त. गेला महिनाभर मात्र बरोबर नव्वदाव्या सेकंदाला. घड्याळजी चोरून मोजत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, पण असं यंत्र पाहिलं नाही, असं शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत. हल्ली पाठमोरं काही विचारलं तर ती उत्तर देत नसे, एवढंच. रुसली असेल, म्हणून ते समोर जाऊन लाडीगोडी लावत. मग लगेच बोले.

आज त्यांनी शेगडी पेटवली, तेल सोडलं आणि नेहमीच्या घाईने, तेल तापायच्या आतच, कोळंबी मांडली. शेगडी भकभकली आणि विझली. सिलिंडर संपला होता. कोळंबी गार तेलात निपचित पडली. चुर्र नाही की तडतड नाही.

"झाली फजिती! आता माझी खरडपट्टी निघणार," घड्याळजी पुटपुटले आणि शेगडीचं बटण उगाच फिरवत बसले.

आतून हाक आली.

"अहो, उलटा आता! काय सुंदर चुरचुरतेय!"

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं. नव्वद सेकंद.

भिंतीला धरत ते दारापर्यंत गेले आणि आडून पाहिलं. ती छताकडे बघत पडली होती. ओठ हलत होते. अकरा, बारा, तेरा. दुसऱ्या बाजूचे सेकंद.

त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं. रडले असते तरी तिला ऐकू गेलं नसतं. तरी त्यांनी तोंडावर हात दाबला, ओट्यापाशी परत आले आणि गार तव्यावरची कच्ची कोळंबी एकेक करून उलटू लागले.